हसरीला क्लास लावला

तिला भीती वाटली की हसू यायचं. दोष म्हणावा असा एवढा एकच. सर्जरीच्या प्रशिक्षणाचं तिसरं वर्ष चालू होतं, हात स्वच्छ चालायचा, मारलेली गाठ सुटायची नाही, सगळ्या पेशंटचे रिपोर्ट तोंडपाठ असायचे. पण वरिष्ठांनी आवाज चढवला, एखादं मशीन अचानक कोकलायला लागलं किंवा कुणाला नको ती बातमी सांगायची वेळ आली, की पोटातून काहीतरी सुर्रकन वर यायचं आणि तोंडातून 'हिहिहि' असं बाहेर पडायचं. ते मोठं नसायचं. मोठं असतं तर लोकांनी वेडी म्हणून सोडून तरी दिलं असतं. ते अगदी शेवटच्या बाकावरचं, हाताआडचं हसू होतं, आणि ऐकणाऱ्याला हमखास वाटायचं की ही आपल्यालाच हसतेय.

वॉर्डात तिला हसरी म्हणत. आधी पाठीमागे म्हणत, मग तोंडावर म्हणायला लागले, मग कुणीतरी ड्यूटीच्या फळ्यावरही तेच लिहिलं. तिनेही ते पुसलं नाही.

अडीच वर्षं हे असंच निभावून गेलं. मग टेलरकाका आले.

टेलरकाकांना हर्निया होता. ऑपरेशन साधंच, त्यामुळे कुणीही ते पुढे ढकलू शकत होतं. पहिल्यांदा अपघाताची केस आली म्हणून रद्द झालं. दुसऱ्यांदा ऑपरेशन थिएटरचा एसी बंद पडला. तिसऱ्यांदा हत्यारं उकळायचं मशीन बिघडलं. तोवर टेलरकाका पहाटेपासून तो हिरवा, मागून नाड्यांचा गाऊन घालून पलंगावर बसले होते. त्यांना हे सांगायचं कुणी, असा प्रश्न आला, तेव्हा बाकीचे सगळे डॉक्टर एकदम फार कामात बुडाले. राहिली हसरी.

ती पलंगाजवळ गेली. "काका," ती म्हणाली, "आजही नाही होणार." आणि हसली.

टेलरकाका तिच्याकडे बघत राहिले. त्यांनी गाऊनच्या मागच्या नाड्या एका हाताने घट्ट धरल्या, चपला शोधल्या आणि कपडे बदलायला गेले. दुसऱ्या दिवशी विभागप्रमुखांच्या टेबलावर तक्रार हजर.

विभागप्रमुखांनी ती हसरीला समोर उभी करून मोठ्याने वाचून दाखवली. वॉर्डाच्या मुख्य सिस्टर साक्षीला होत्या.

"'माझे ऑपरेशन तिसऱ्यांदा रद्द झाले, याबद्दल माझी तक्रार नाही,'" विभागप्रमुख वाचत होते. "'मशीन आहे, बिघडते. माझेही बिघडते. परंतु सदर डॉक्टरबाई हसल्या. मी आदल्या रात्रीपासून उपाशी होतो. मागून उघडा होतो. अशा माणसाला हसू नये.'"

'मागून उघडा होतो' या वाक्याला सिस्टर खिडकीबाहेर काहीतरी फार महत्त्वाचं बघायला लागल्या. हसरीच्या हातापायांना घाम फुटला होता. आपलं वर्ष गेलं, असं तिला वाटत होतं. पोटातून सुर्रकन काहीतरी वर आलं.

"हिहिहि."

"हे बघा!" विभागप्रमुखांनी चष्मा काढला. "आत्ताही!"

"सर, मी हसत नाहीये."

"मग मी हसतोय का?"

यावर सिस्टरांना खोकला आला आणि त्या बाहेर गेल्या.

विभागप्रमुखांनी खणातून एक पत्रक काढलं. प्रशिक्षणार्थी डॉक्टरांसाठी कोचिंग साहाय्य. कुणी परीक्षेत अडकलं असेल, कुणाचं वरिष्ठांशी जमत नसेल, कुणाचा आत्मविश्वास गेला असेल, तर अनुभवी डॉक्टर एकट्याला भेटणार, सहा वेळा, आणि खोलीत बोललेलं खोलीबाहेर जाणार नाही, असं त्यावर लिहिलं होतं.

"हे पूर्णपणे ऐच्छिक आहे," ते म्हणाले.

"म्हणजे मी नाही गेले तरी..."

"सोमवारी चार वाजता. ऐच्छिक."

घरी तिने हे जेवताना अगदी सहज सांगायचा प्रयत्न केला. "सोमवारी यायला थोडा उशीर होईल. कोचिंग आहे."

आईच्या हातातला डाव तसाच राहिला. आईची सगळी नोकरी शाळेच्या कार्यालयात गेली होती. कोण पुढे, कोण मागे, कोण कुठल्या विषयात कच्चं, हे ती मुलाच्या चालीवरून ओळखायची. कोचिंग कुणाला लागतं, हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती.

"तुला क्लास लावला?" आई म्हणाली. "डॉक्टर झाल्यावर?"

"क्लास नाही गं. कोचिंग. वेगळं असतं."

"कुठल्या विषयाचं?"

'न हसण्याचं' असं आईला कसं सांगायचं? "सगळ्याच," ती म्हणाली.

"सगळ्याच विषयांत!" आईने डाव पातेल्यात टाकला. "अहो, ऐकलंत का? सगळ्याच विषयांत!"

वडिलांनी ऐकलं होतं. ते गंभीर चेहऱ्याने जेवत होते. ते कायमच गंभीर चेहऱ्याने जेवत. पाणीपुरवठ्याच्या कचेरीत तक्रारींच्या खिडकीवर आयुष्य काढून ते निवृत्त झाले होते, आणि घरात त्यांच्या चेहऱ्यावरची रेघ कधी हललेली हसरीने पाहिली नव्हती.

"जाऊ दे तिला," ते म्हणाले. "चार गोष्टी कानावर पडतील."

कोचिंगची खोली म्हणजे इस्पितळाची जुनी प्लास्टरची खोली होती. दोन खुर्च्या, एक टेबल, पाण्याचा तांब्या आणि खिडकीच्या चौकटीवर अजून वाळलेले पांढरे शिंतोडे. कोच होत्या साठीच्या एक बाई. तीस वर्षं त्यांनी भूल देण्याचं काम केलं होतं.

हसरीला हे जरा विचित्र वाटलं. "मॅडम, रागावू नका, पण तुमचे पेशंट तर झोपलेलेच असायचे. ते बोलणार काय?"

"झोपायच्या आधीची पाच मिनिटं असतात ना," बाई म्हणाल्या. "त्या पाच मिनिटांत लोक फार बोलतात. एकाने मला लग्नाची मागणी घातली. एका न्यायाधीशांनी मला सात वर्षं सक्तमजुरी सुनावली. घाबरलेला माणूस काहीही करतो. तुम्ही काय करता?"

"हसते."

"आणि मग?"

हसरीने सगळं सांगितलं. जीभ चावून बघितली, तर हसू बोबडं येतं. दुःखाच्या गोष्टी आठवून बघितल्या. लहानपणी मेलेलं मांजर आठवलं. आता मांजर दिसलं तरी हसू येतं. "आता तुम्हीच उपाय सांगा," ती म्हणाली आणि पेन उघडून बसली.

"तुम्हाला काय वाटतं?" बाईंनी विचारलं.

"मला?"

"हो."

"मला वाटत असतं तर मी इथे आले असते का?"

बाईंना गप्प बसायला काहीच त्रास होत नव्हता. हसरीने भिंतीवरचं घड्याळ पाहिलं, खिडकीवरचे शिंतोडे मोजले, आणि शेवटी कंटाळून स्वतःच बोलायला लागली. तासाच्या शेवटी बाईंनी एकच काम सांगितलं. एक वही करायची. हसू आलं की लिहायचं: कुठे आलं, कुणासमोर आलं, आणि त्याच्या अगदी आधी काय झालं.

हसरीने इमानेइतबारे वही केली. आठवड्यात सव्वीस नोंदी झाल्या. 'सरांनी विचारलं, हा रिपोर्ट कुणी वाचला? मीच वाचला होता. हसले.' 'लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये बंद पडली. आत मी आणि एक स्ट्रेचर. स्ट्रेचरवरच्या आजोबांनी विचारलं, हसताय का? आणखी हसले.' 'बँकेतल्या माणसाने सही जुळत नाही म्हणून सांगितलं. सही माझीच होती. हसले. त्याने दुसऱ्या साहेबांना बोलावलं.'

ही वही तिने घरी टेबलावर विसरली, आणि दुसऱ्या सोमवारी बाईंसमोर उघडली तेव्हा प्रत्येक पानाच्या खाली लाल शाईत 'पाहिले' अशी सही होती. शेवटच्या पानावर शेरा होता: 'अक्षर सुधारणे. वाक्ये तुटक. विषय समजत नाही.'

"ही सही कुणाची?" बाईंनी विचारलं.

"पालकांची," हसरी म्हणाली, आणि सत्ताविसावी नोंद तिथल्या तिथे झाली.

बाईंनी वही पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली. मग विचारलं, "हसू आलं की तुम्ही काय करता?"

"लपवते."

"लपवल्यावर?"

"वाढतं."

"मग नाही लपवलं तर?"

हसरीने त्यांच्याकडे असं बघितलं, जसं काही बाईंनी तिला विभागप्रमुखांसमोर कोलांटी मारायला सांगितली होती. "मॅडम, ते लोक आजारी असतात! त्यांच्यासमोर मी खुशाल हसत बसू?"

"मी फक्त विचारलं," बाई म्हणाल्या. त्या कायम फक्त विचारायच्या. यावर हसरीचा असा संताप झाला, की त्या दिवशी ती दार जरा जोरातच लावून गेली.

इकडे आईला चैन पडेना. दोन आठवडे क्लास चालू आहे, पुस्तक नाही, चाचणी नाही, गृहपाठ म्हणजे बँकेत हसले आणि लिफ्टमध्ये हसले. तिसऱ्या आठवड्यात, मंगळवारी, तिने चांगली साडी नेसली, पर्स घेतली, आणि इस्पितळात तीन जणांना विचारत प्लास्टरच्या जुन्या खोलीपर्यंत पोचली.

"मी तिची आई," ती दारातूनच म्हणाली.

"कुणाची?" बाईंनी विचारलं.

"तुमच्या विद्यार्थिनीची. सोमवारी चारची बॅच."

"या, बसा. पण माझ्याकडे कोण येतं, कोण येत नाही, हे मी कुणालाही सांगत नाही. तसा नियम आहे."

"म्हणजे ती येत नाही?"

"तसं मी म्हटलं नाही."

"मग येते."

"तसंही म्हटलं नाही."

"हजेरीपट दाखवा."

"हजेरीपट नसतो."

आई मटकन खुर्चीत बसली. इतक्या वर्षांच्या नोकरीत तिने पुराचं पाणी शिरलेली शाळा पाहिली होती, पण हजेरीपट नसलेला वर्ग पाहिला नव्हता. तरी तिने धीर धरला. "एका बॅचमध्ये किती मुलं असतात?"

"एका वेळी एकच माणूस."

"एकच!" आईचा हात छातीवर गेला. "इतकी कच्ची आहे?"

"हा कच्च्या मुलांचा वर्ग नाही हो. मी शिकवतही नाही. मी प्रश्न विचारते."

"आणि उत्तरं?"

"ज्याचा प्रश्न असतो, तोच देतो."

"मग तुम्ही कशाला हव्यात?"

बाई यावर हसल्या. रागावल्या असत्या तर आईला पुढचं बोलता आलं असतं, पण त्या हसल्या आणि त्यांनी तांब्यातलं पाणी पुढे केलं. "तुम्हाला कसली काळजी वाटते?" त्यांनी विचारलं.

आता हा प्रश्न आईला फार वर्षांत कुणी विचारला नव्हता. ती पाणी प्यायली आणि जी सुरू झाली, ती पाऊण तास बोलत होती. मुलगी लहानपणी झोपाळ्यावरून पडली, हात मोडला आणि खदाखदा हसली. डॉक्टर म्हणाले, हसतेय म्हणजे काही झालं नाही, घेऊन जा. तीन दिवसांनी हात सुजून भोपळा झाला तेव्हा कुठे हाडाचा फोटो काढला. दहावीच्या निकालाला हसली. आजी गेली तेव्हा हसली, सगळे नातेवाईक बघत राहिले.

"आमच्याकडे असं कुणी नाही," आई म्हणाली. "हे तिच्या वडिलांकडचं. आमच्या घरी पहिल्यांदा मला बघायला आले, तेव्हा सगळा वेळ हसत होते. चहा सांडला तरी हसले. मला वाटलं, काय आनंदी माणूस आहे! म्हणून तर मी हो म्हटलं. नंतर त्यांच्या बहिणीकडून कळलं, घाबरले होते."

"आणि लग्नानंतर?"

"कसलं काय! लग्नानंतर एकदा हसले असतील तर शपथ. घरात तोंड कायम हे असं." आईने ते तोंड करून दाखवलं. "मी कधी बोलले नाही कुणाजवळ, पण मला वाटतं, माझ्याशी लग्न करून पस्तावले ते."

"ते घाबरले की हसतात, म्हणालात."

"हो."

"आणि घरात हसत नाहीत."

"नाही ना! तेच तर."

आईने पर्स उचलली, पदर सारखा केला, निघते म्हणाली. दाराच्या कडीला हात लावला आणि तिथेच उभी राहिली. चांगलं अर्धं मिनिट उभी राहिली.

"अगंबाई," ती म्हणाली.

त्या संध्याकाळी घरात जे झालं ते हसरीने डोळ्यांनी पाहिलं. आईने वडिलांना न मागता दुसऱ्यांदा चहा दिला. वडिलांनी वर बघितलं. आईने त्यांच्या पाठीमागे उशी ठेवली. वडिलांनी पेपर खाली घेतला. "दमलात का हो?" आईने विचारलं. आवाज मऊ होता. हा आवाज त्या घरात फक्त पाहुण्यांसाठी ठेवलेला असायचा. वडिलांनी एकदा आईकडे बघितलं, एकदा चहाकडे, आणि त्यांच्या तोंडातून आवाज आला.

"हिहिहि."

हसरीच्या हातातला कप निसटता निसटता राहिला. "बाबा! तुम्हीपण?"

"मला कुणीतरी काय झालंय ते सांगा आधी," वडील हसत हसत म्हणाले. त्यांना खरंच घाम आला होता. "हिची तब्येत बरी आहे ना? कुणी गेलं का?"

आईने त्यांना सांगितलं की कुणी गेलेलं नाही, आणि त्यांच्याशी जे काही बोलायचं होतं ते तिने स्वयंपाकघरात नेऊन बोलून घेतलं. ते हसरीला ऐकू आलं नाही. बाहेर आले तेव्हा वडिलांचा चेहरा पुन्हा नेहमीसारखा दगडी झाला होता, आणि आई त्या दगडाकडे नव्या फ्रिजकडे बघावं तशी कौतुकाने बघत होती.

मग हसरीने वडिलांना सोडलं नाही. "तक्रारींच्या खिडकीवर तुम्ही इतकी वर्षं कसे बसलात?"

"पहिले सहा महिने वाईट गेले," वडील म्हणाले. "चार-चार दिवस नळाला पाणी नाही, माणूस पेटलेला, आणि आत मी हसतोय. एकाने रिकामी बादली फेकून मारली. ही बघ खूण." त्यांनी कपाळावरचे केस बाजूला केले. ती खूण हसरी लहानपणापासून बघत आली होती. ती देवीची आहे असं तिला सांगितलेलं होतं. "मग मी खिडकीवर पाटी लावली."

"कसली पाटी?"

"'येथील कर्मचारी घाबरल्यास हसतो. तक्रार मात्र नीट लिहून घेतली जाईल.'"

हसरीने ते मनातल्या मनात पुन्हा एकदा म्हणून पाहिलं.

"साहेबांनी दोन दिवसांत काढायला लावली," वडील म्हणाले. "पण दोन दिवसांत मला कळलं होतं, लोकांना तेवढं पुरतं. मग मी तोंडानेच सांगायला लागलो. माणूस आला की आधीच सांगायचं. अहो, मला घाबरलो की हसू येतं, तुम्हाला नाही हसत, बोला. म्हणजे पुढचं सोपं जायचं. काही जण तर मलाच म्हणायचे, घाबरू नका हो, नुसतं पाणीच नाहीये."

"मला हे कधी सांगितलं का नाहीत?"

"तू कधी विचारलंस?" वडील म्हणाले. "आणि मोठी झाल्यावर तू घरात कुठे हसतेस? मला वाटलं, माझं जे तुझ्यात आलं होतं ते गेलं. बरं वाटायचं."

पुढच्या सोमवारी हसरी प्लास्टरच्या खोलीत आली ती बसायच्या आधीच बोलायला लागली. बाईंनी सगळं ऐकून घेतलं. आई येऊन गेली होती का, याबद्दल त्यांनी चकार शब्द काढला नाही, हसरीने सरळ विचारलं तेव्हाही म्हणाल्या, "माझ्याकडे कोण येतं ते मी सांगत नाही."

"वडिलांचं ते वाक्य म्हणून बघायचंय?" त्यांनी विचारलं. "मी टेलरकाका होते."

त्यांनी खुर्ची वळवली, चष्मा नाकाच्या टोकावर घेतला आणि चेहरा असा केला की हसरी खुर्चीत मागे सरकली. पहिल्यांदा तिला वाक्य पुरतं म्हणता आलं नाही. दुसऱ्यांदा म्हणता आलं, पण ती ते टेबलाकडे बघून म्हणाली. तिसऱ्यांदा बाईंनी टेलरकाकांच्या वतीने तिला असं काही सुनावलं की ती दोन मिनिटं हसतच होती. बाई थांबल्या. घाई नव्हतीच. सहाव्यांदा तिला स्वतःचाच कंटाळा आला, आणि कंटाळा आला की हसू येत नाही, हे तिच्या लक्षात आलं. तिने ते वहीत लिहिलं.

टेलरकाकांना चौथी तारीख मिळाली ती त्यानंतर दहा दिवसांनी. ऑपरेशनच्या आधी संमतीपत्रावर सही घ्यायची असते, कागदातला मजकूर पेशंटला समजावून सांगायचा असतो. हसरी कागद घेऊन गेली. टेलरकाका तोच हिरवा गाऊन घालून बसले होते, मात्र यावेळी मागे भिंत होती. त्यांनी मुद्दामच भिंतीकडचा पलंग मागून घेतला होता.

"दुसरे डॉक्टर नाहीत का?" त्यांनी विचारलं.

"आहेत," हसरी म्हणाली. "हवे तर बोलावते. पण आधी एक सांगू? मला भीती वाटली की हसू येतं. लहानपणापासून. त्या दिवशी तुम्हाला सांगायची मला फार भीती वाटत होती. मी तुम्हाला हसले नव्हते. आत्ताही येईल. हिहिहि. हे बघा, आलं."

हसरीचं हसू थोडं चाललं. तिने ते लपवलं नाही, हात तोंडावर नेला नाही. एकट्यालाच नाचायला सोडल्यासारखं ते दोन-तीनदा उसळलं आणि ओशाळून बंद पडलं.

"झालं?" काकांनी विचारलं.

"झालं."

"माझ्याशी बोलायची भीती?" टेलरकाकांना हे नवीनच होतं. "मला तर माझी बायकोपण भीत नाही." मग त्यांनी आपले दोन्ही हात पुढे केले. बोटं थरथरत होती. "हे बघा. पंचेचाळीस वर्षं सुईत दोरा ओवतोय, आज ओवता येणार नाही. सांगा, काय काय करणार ते. हळू सांगा."

हसरीने हळू सांगितलं. त्यांना भुलेबद्दल काही विचारायचं नव्हतं, धोक्याबद्दलही फारसं नव्हतं. त्यांना टाक्यांबद्दल विचारायचं होतं. धागा कोणता? विरघळणारा की काढायचा? दोन टाक्यांत अंतर किती? ती अर्धा तास सांगत होती. कुठल्याही परीक्षकाने तिला टाक्यांवर इतके बारीक प्रश्न विचारले नव्हते.

ऑपरेशन विभागप्रमुखांनी केलं, मदतीला हसरी. शेवटी त्वचेचे टाके घालताना ते म्हणाले, "बघा, असे घालायचे," आणि चार टाके घालून दाखवले. तेवढ्यात त्यांना दुसऱ्या थिएटरमधून बोलावणं आलं. उरलेले पाच हसरीने घातले.

दोन दिवसांनी पट्टी उघडली. विभागप्रमुख, सिस्टर, हसरी आणि मागे चार-पाच विद्यार्थी पलंगाभोवती उभे होते. टेलरकाकांनी उशाखालून हातआरसा काढला, जखमेवर धरला आणि बराच वेळ निरखून बघितलं.

"ही शिलाई दोन हातांची आहे," ते म्हणाले.

विद्यार्थी वाकून बघायला लागले.

"हे खालचे पाच छान आहेत. अंतर सारखं, ओढ सारखी. या हाताला मी दुकानात ठेवून घेईन. हे वरचे चार," त्यांनी जीभ टाळूला लावून टक् असा आवाज केला, "हे घाईतले आहेत. तिसरा तिरका. हे कुणी शिकाऊने घातले का?"

विद्यार्थी जमिनीकडे बघायला लागले. सिस्टरांना पुन्हा तो खोकला आला. हसरीच्या पोटातून सुर्रकन वर आलं, आणि ते भीतीचं आहे की खरंच हसू आहे, हे या वेळी तिचं तिलाही कळेना.

"हिहिहि. सर, मी घाबरलेय."

"माहितीये मला," विभागप्रमुख म्हणाले. त्यांनी चष्मा पुसला, वाकले आणि तिसऱ्या टाक्याकडे नाक लागेल इतक्या जवळून बघितलं. मग सरळ झाले. "थोडा आहे तिरका," ते म्हणाले. "पुढचा पेशंट."

सहा सोमवार संपले. शेवटच्या दिवशी बाईंनी विचारलं, "काय बदललं असं वाटतं?" हसरीने खूप विचार केला. हसू गेलं नव्हतं. वहीत आठवड्याला अजून दहा-बारा नोंदी व्हायच्याच. पण पूर्वी ती वॉर्डात जायची ती आपलं हसू सांभाळत, जसं काही फाटकी पिशवी छातीशी धरून चाललंय, आणि पेशंट काय म्हणतोय हे अर्धंच ऐकू यायचं. आता ऐकू यायचं. असं काहीतरी ती म्हणाली, बरंच अडखळत. बाईंनी मान डोलावली आणि तिला दारापर्यंत सोडलं. वार्षिक मूल्यमापनात तिच्या कागदावर 'पेशंटशी संवाद: समाधानकारक' असं आलं. आईने ते वाचलं आणि 'उत्तम' का नाही, म्हणून दोन दिवस धुसफुसत होती.

चौथ्या वर्षाला तिची बदली दुसऱ्या इस्पितळात झाली. नवी इमारत, नवे लोक, कुठला जिना कुठे जातो ते माहीत नाही. पहिल्या दिवशी सकाळी आठला ती सर्जरीच्या वॉर्डात पोचली, तर दारातच मुख्य सिस्टर औषधांची ट्रॉली लावत उभ्या होत्या. चेहरा कडक. हसरीने ठरवलं, लगेच सांगून टाकू.

"सिस्टर, मी नवी. एक आधीच सांगते. मी घाबरले की मला हसू येतं. कुणाला हसत नसते. हिहिहि."

सिस्टरांनी तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"नुसतं हसू?" त्या म्हणाल्या. "इथले सर घाबरले की सामान फेकतात. तुम्ही चालाल. हा ट्रे धरा, राउंड सुरू झालाय."

हसरीने ट्रे धरला आणि त्यांच्या मागोमाग आत गेली.